सात वाटे आणि एक लॅपटॉप

माझ्या बायकोला, केसरला, कोणी अडाणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडतो. आणि भांडणात मी कच्चा नाय, थेरोंड्यात कोणालाही विचारा. बावीस वर्षं तांडेल होतो, बोट माझ्या हुकमावर चालायची. बोटीवर सहा खलाशी, आणि माझी हाक भर वाऱ्यात शेवटच्या खलाशापर्यंत जायची. आता गुडघे गेले, तीन वर्षांपूर्वी बोट विकली, आवाज तेवढा शिल्लक हाय. पण केसरची गोष्ट सांगताना तो चढवायची गरज नाय. सातवी शिकलेली बाई, अलिबागच्या मार्केटात मासे विकते. तिने दिवाळीनंतर जो सौदा केला तो बघून मी, अनंता तांडेल, गप बसलो. मी गप बसलो म्हणजे बघा!

झालं असं की आमची रचना, एकुलती एक, घरांची ड्रॉइंग काढायला शिकली. मुंबईवाले इकडे नागावला, किहीमला बंगले बांधतात ना, त्यांची. अलिबागच्या एका आर्किटेक्टबाईंनी तिचं काम बघितलं आणि खूश झाल्या. म्हणाल्या, "दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी ये. पण लॅपटॉप तुझा तू आणायचा. नसेल जमत तर आधीच सांग, तुझ्यामागे एक मुलगा रांगेत आहे, त्याच्याकडे आहे." आता साधा लॅपटॉप तिथे चालत नाय. ते ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर म्हणे भारी जड. नव्याची किंमत रचनाने एकदाच आम्हाला सांगितली आणि मग तो विषयच काढला नाय. पोरगी शहाणी हाय, घरात काय हाय नाय ते तिला कळतं. मला मात्र रात्री पडल्या पडल्या त्या रांगेतल्या मुलाचा राग यायचा. त्याचा काय दोष? पण यायचा.

मार्केटच्या वाटेवर परेशचं दुकान हाय. जुने कॉम्प्युटर घेतो, नीट करतो, विकतो. बोटींचे वायरलेस आणि जीपीएसही दुरुस्त करतो, म्हणून माझी त्याची जुनी ओळख. त्याने पाटी लावली होती, जुनं इलेक्ट्रॉनिक सामान काहीही आणा आणि वापरलेला चांगला लॅपटॉप न्या. केसरने मासळीची पाटी डोक्यावरून न उतरवता त्याला विचारलं, "काहीही म्हणजे काय रे?"

"काहीही, मावशी. बंद पडलेलं असलं तरी चालेल."

आपण काय बोलून बसलो हे त्या बिचाऱ्याला नंतर कळलं.

दिवाळीच्या आधी घरोघर साफसफाई निघते. माळ्यावरचं सगळं अंगणात येतं. केसरने बरोबर तेच आठ दिवस धरले. दुपारी मार्केटातून आली की टोपलीत सुके बोंबील, जवळा, वाकट्या घ्यायची आणि वाड्यावाड्यांतून फिरायची. "काय गो कमळ, हा बंद टीव्ही किती वर्षं पोसणार? दे इकडे, हे बोंबील घे." बाया खूश! बंद टीव्ही गेला, वर कालवणाची सोय झाली. टीव्ही आले, कॉम्प्युटरचे जुने डबे आले, दोन प्रिंटर, एक इन्व्हर्टर, कोणाच्या तरी लग्नात आलेला गाण्यांचा डबा, आणि मोबाईल तर पिशवीभर. रेवदंड्याच्या एका क्लासवाल्याने पाच कॉम्प्युटर एका घमेल्यात मावेल एवढ्या जवळ्यावर दिले.

मी तापलो. "घर हाय का भंगाराचं गोदाम? माणसाने पाय ठेवायचा कुठे?"

"तुम्ही पाय वर घेऊन बसा," ती म्हणाली. "नायतरी गुडघे दुखतातच ना?"

सगळा माल तिने सुक्या मासळीच्या खोलीत रचला. घरात दुसरी कोरडी जागाच नव्हती.

आता माझ्याकडची एक वस्तू राहिली. ती तिने मागितली नाय, हे आधी सांगतो. माझा जीपीएस. बोट विकली तेव्हा तो मी काढून घेतला होता, लुंगीत गुंडाळून कपाटात ठेवला होता. त्यात माझे एकवीस पॉइंट होते. पॉइंट म्हणजे समुद्रातल्या जागा. कुठे घोळ मिळते, कुठे दाढा मासा लागतो, कुठे खाली खडक हाय आणि जाळं फाटतं, त्या त्या जागेचा आकडा त्या डब्यात नाव घालून ठेवायचा. तांडेलाची अक्कल म्हणजे त्याचे पॉइंट. ते तो सख्ख्या भावालाही दाखवत नाय.

आणि मी तर त्याहून हुशार! बोट जेट्टीला उभी असली की कोणीतरी चढून जीपीएस उघडून बघतं, हे मला माहीत होतं. म्हणून मी नावं उलटी घातली होती. जिथे मासे तिथे नाव 'खडक'. जिथे खडक तिथे नाव 'पापलेट', 'घोळ', 'दाढा'. माझं मला माहीत. चोराने उघडलं तर बसला बोंबलत.

आणि बसला ना! रेवदंड्याचा विनेश. तेव्हा त्याने नवी बोट घेतली होती आणि सारखा माझ्या बोटीमागे फिरायचा. एकदा त्याचं नवंकोरं जाळं 'पापलेट'वर लागून चिंध्या होऊन आलं. चढला असणार माझ्या बोटीवर! मी घरी येऊन केसरला सांगितलं आणि पोट धरून हसलो. ती हसली नाय. "दुसऱ्याचं जाळं फाटलं आणि तुम्ही हसता?" एवढंच बोलली, आणि पुढचे चार दिवस माझ्याशी बोलली नाय. मी म्हटलं, चोराची बाजू घेते. पण तिच्या त्या चार दिवसांनंतर मी परत कधी त्या गोष्टीवर हसलो नाय, हे खरं.

तर शनिवारी सकाळी टेम्पो भरला. सोमवारी रचनाला कामावर जायचं होतं, म्हणजे आज झालं तर झालं. टेम्पोत चढताना मी कपाटातून जीपीएस काढून पिशवीत टाकला. का, ते विचारू नका. परेशला त्याची बॅटरी दाखवायची हाय, असं मी स्वतःला सांगितलं.

दुकानासमोर केसरने ताडपत्री अंथरली आणि माल मांडायला बसली. परेश बाहेर येऊन बघतच राहिला. मग खाली वाकून म्हणाला, "मावशी, हा इन्व्हर्टर ठेवा, हे दोन कॉम्प्युटर ठेवा, हा टीव्ही. बाकीचं परत न्या."

"हात नाय लावायचा," केसर म्हणाली. "वाटे लावतेय, दिसत नाय?"

आमच्या बायका मासे मोजून विकत नाय, तोलून विकत नाय. वाटा लावतात. दोन मोठे, चार मधले, थोडे बारीक, असा एक ढीग. घ्यायचा तर अख्खा घ्यायचा, त्यातले मोठे वेचायचे नाय. केसरच्या वाट्याची आणखी एक गोष्ट मार्केटात सगळ्यांना माहीत हाय. ती नरम मासा खाली लपवत नाय. वर ठेवते आणि सांगते, "हा कालचा हाय, तळून खा." आणि गिऱ्हाइकाने वाटा उचलला की न मागता वर एक मासा टाकते. कोणी मागितला तर मात्र तोंड फिरवते.

तिने सात वाटे लावले. प्रत्येकात एक चालू वस्तू, दोन अर्धवट, बाकी बंद. बंद वस्तू वर. "हा टीव्ही मेलेला हाय. ह्याच्यात आवाज येतो, चित्र नाय. हा इन्व्हर्टर चालतो, मी लावून बघितला. वाटा उचल, नायतर सोड."

परेश म्हणाला, "मावशी, कॉम्प्युटरचा वाटा असतो का कुठे?"

"तूच म्हणालास ना, काहीही आणा?"

रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. समोरचा चहावाला ग्लास धुवायचा थांबला. परेशने एका कॉम्प्युटरचं झाकण उघडलं तर आतून भुरभुर काहीतरी पडलं. "मावशी, ह्यात कोळंबी हाय!"

"जवळा हाय तो. कोळंबी एवढीशी असते का? त्याचं वेगळं काय लावलं नाय, घे."

एवढी माणसं हसली, परेशसुद्धा हसला, आणि हसला तिथेच हरला. एकेक करून त्याने सातही वाटे उचलले. आणि केसरने? पिशवीतून मोबाईलचे चार चार्जर काढले आणि शेवटच्या वाट्यावर टाकले. वर एक! मी बाकड्यावर बसून बघत होतो. बावीस वर्षं मी मासे आणले आणि हिने विकले, पण ती विकते कशी ते मी एकदाही उभं राहून बघितलं नव्हतं. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली आणि तिचा अभिमान वाटला, दोन्ही एकदम.

परेशने सात वाट्यांवर एक काळा लॅपटॉप पुढे केला. रचनाने उघडला, काहीतरी दाबून बघितलं आणि मान हलवली. "ह्याच्यावर ड्रॉइंग नाय चालणार, परेशदादा." मग तिचं बोट फळीवरच्या राखाडी लॅपटॉपकडे गेलं. तो मुंबईच्या कुठल्या कंपनीतून आलेला, दोनच वर्षं वापरलेला. परेशने तो तिच्या मांडीवर ठेवला. सुरू झाला, तिने त्यात तिचं एक ड्रॉइंग उघडलं, आणि अख्खं घर भिंतीखिडक्यांसकट असं गरकन फिरवलं. तिचा चेहरा मी सांगू शकत नाय. लहानपणी पहिल्यांदा बोटीवर आली होती तेव्हा तिचा असा चेहरा झाला होता.

"पण तो सात वाट्यांत नाय बसत, मावशी," परेश म्हणाला. त्याचा आवाज खरा होता. "मी पण विकत आणलाय. एवढा मोठा फरक मी कुठून घालू?"

केसर रिकाम्या ताडपत्रीची घडी घालायला लागली. रचना म्हणाली, "आये, राहू दे. मी बाईंना फोन करून सांगते." आणि तिने खरंच मोबाईल काढला.

मी उठलो, पिशवीत हात घातला आणि जीपीएस काउंटरवर ठेवला.

"अवो, तो नको," केसर म्हणाली.

"गप. सात वाट्यांत मोठा मासा नव्हता. हा घे, परेश."

परेशने तो लावला. पडद्यावर पॉइंट दिसले तसा त्याचा आवाज खाली आला. "काका, पॉइंट पुसले नाय तुम्ही. असाच द्यायचा?"

"असाच."

त्याने लगेच फोन लावला. "ये रे. थेरोंड्याच्या तांडेलाचा जीपीएस आलाय. पॉइंटसकट." कोणाला लावला ते मी विचारलं नाय. दहा मिनिटांत मोटारसायकल थांबली आणि विनेश आत आला. बर्फाच्या कामाला तो अलिबागलाच आला होता. आता बत्तीस-तेहतीस वर्षांचा झालाय, दोन लेकरांचा बाप. मला बघून ओशाळला, केसरला बघून हात जोडले. जीपीएस हातात घेतला आणि नावं वाचायला लागला. "पापलेट. घोळ एक. घोळ दोन. दाढा." परेशला म्हणाला, "दे तो लॅपटॉप ताईला. फरक काय असेल तो माझ्याकडून."

झालं होतं. ऐकताय ना? काम झालं होतं. लॅपटॉप रचनाच्या मांडीवर होता.

मग तो विनेश माझ्याकडे वळला. "काका, एक सांगू? रागावू नका. मी सहा वर्षांपूर्वी तुमच्या बोटीवर चढलो होतो. चोरून तीन पॉइंट उतरवून घेतले. पण घाईत आकडा चुकला असणार माझा. 'पापलेट'वर गेलो आणि नवीन जाळं गेलं. दोन महिने दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होतो. चोरीचं फळ मिळालं, म्हटलं. आता तुमच्या हातून मिळतायत, बरं वाटलं."

तो हसत होता. मी केसरकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. घडी घातलेली ताडपत्री परत उलगडून परत घडी घालत होती. तिने एक शब्द काढला असता तर मी तिच्यावर ओरडलो असतो आणि सुटलो असतो. तिने काढला नाय. मग मला डोळ्यांसमोर मघाचे ताडपत्रीवरचे तिचे वाटे दिसायला लागले, मेलेला टीव्ही वर ठेवून लावलेले. आणि माझा मासा? वरून चकचकीत आणि आत सडका, आणि तो मी माझ्या पोरीसाठी तिच्या वाट्यावर ठेवला होता.

"तुझा आकडा चुकला नव्हता, विनेश," मी म्हटलं. "नावंच खोटी हायत. 'पापलेट' म्हणजे खडक. 'घोळ' म्हणजे खडक. मी मुद्दाम घातली."

विनेशचं हसू गेलं. "म्हणजे ते जाळं..."

"माझ्यामुळे गेलं. आणि मी हसलो होतो."

रचनाने लॅपटॉपचं झाकण हळूच लावलं, उठली आणि तो काउंटरवर परत ठेवून दिला. आवाज न करता ठेवला.

केसरने एक स्टूल विनेशच्या पुढे सरकवलं. "बस."

तो बसला. मी म्हटलं, "पॉइंट खरे हायत, नावं खोटी. जिथे मी खडक लिहिलंय तिथे मासा हाय. एकवीसच्या एकवीस आता तुला सांगतो, कुठला मासा, कुठल्या महिन्यात, कुठल्या भरतीला. सगळं ऐक. मग घ्यायचा तर घे, नायतर माझ्या तोंडावर फेक आणि जा."

विनेशने जीपीएस माझ्यापुढे धरला. मग म्हणाला, "सांगा."

माझ्या डोळ्यांना ती बारीक अक्षरं दिसत नाय. रचना म्हणाली, "मी वाचते, बाबा." परेशने लॅपटॉप उघडून तिच्यापुढे सरकवला, म्हणाला, "टाईप कर, तोपर्यंत घे." ती वाचायची, मी सांगायचो, ती टाईप करायची. खडक एक म्हणजे दाढा, थंडीत, ओहोटी लागताना. खडक दोन म्हणजे घोळ, पण जाळं तळाला नको. बावीस वर्षांत मी हे कोणाला सांगितलं नव्हतं आणि तासाभरात सगळं संपलं. मध्येच विनेश स्टूल पुढे ओढून जवळ आला, विचारायला लागला, "पाणी किती, काका? आणि दक्षिणेचा वारा असला तर?" चांगले प्रश्न विचारत होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा हुशार निघाला.

परेशने कागद छापून विनेशला दिला. तो त्याने दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि परेशला म्हणाला, "लॅपटॉप ताईचा."

केसर पदराने तोंड पुसत होती. डोळे पुसत होती असं कोणी म्हणालं तर ती भांडेल.

आम्ही उठलो. विनेश जीपीएस घेऊन दारापर्यंत गेला होता. मी त्याला हाक मारली, ती जुनी, बोटीवरची. अख्खं दुकान दचकलं.

"विनेश! आणखी एक पॉइंट हाय. डब्यात नाय तो. माझ्या बाबाचा. त्याच्याकडे कुठला जीपीएस? कोर्लईच्या दीपगृहाचा दिवा मागच्या डोंगराच्या खिंडीत नजरेने बसवायचा आणि कुलाब्याचा किल्ला बोटीच्या पाठीला ठेवायचा. घोळ तिथे मार्गशीर्षात येते. बाबाने मला दाखवला, मी कोणाला दाखवला नाय."

"तो कशाला, काका? सौदा तर झाला ना?"

"वर एक," मी म्हटलं.

केसरने तेव्हा माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. तिने असं बघावं म्हणून मी पुन्हा एकवीस पॉइंट देईन.

विनेश परत आत आला. थोडा घुटमळला. "दिवा खिंडीत बसवायचा म्हणजे नेमका कसा, ते कागदावरून नाय कळायचं. तुम्हीच या दाखवायला. सोमवारी पहाटे निघतोय. गुडघ्याचं काही नाय, खुर्ची टाकतो तुम्हाला."

"वेड लागलंय का तुला? म्हातारा माणूस मी," मी म्हटलं, आणि टेम्पोत जाऊन बसलो. घरी ह्या गोष्टीवर कोणी एक शब्द बोललं नाय. रविवारी रचना दिवसभर लॅपटॉप पुसत होती, तरी त्याला सुक्या बोंबलाचा वास येतोय म्हणत होती.

सोमवारी पहाटे मी उठलो तर स्वयंपाकघरात दिवा लागलेला. केसर चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. ओट्यावर दोन डबे होते. एक रचनाचा, नवा, स्टीलचा. दुसरा माझा बोटीवरचा अल्युमिनियमचा, चेपलेला, तीन वर्षं माळ्यावर पडलेला. घासून लख्ख केलेला.

"तुला कोणी सांगितलं मी जाणार म्हणून?" मी आवाज चढवला.

"ओरडू नका, पोरगी झोपलीय," ती म्हणाली, आणि भाकरीवर सुकटाची चटणी घातली. "खुर्चीवर बसायला गोधडी घेऊन जा. समुद्रावर गार असतं."